एका चार्जिंगमागे ३० किलो कोळसा

मध्यम आकाराच्या इलेक्ट्रिक मोटारीत साधारण ३० युनिटची बॅटरी असते. ती एकदा पूर्ण भरली की गाडी गावात आणि हमरस्त्यावर मिळून २०० किलोमीटरच्या आसपास धावते. किती युनिट पडले, बिल किती आलं, पेट्रोलच्या मानाने किती वाचले, हा हिशेब गाडीवाल्याला तोंडपाठ असतो. पण तो मीटरपाशी थांबतो. मीटरच्या पलीकडे त्या ३० युनिटांसाठी काय काय हलतं, जळतं आणि वाहतं, याचे आकडे मांडले की थक्क व्हायला होतं.

आधी गळती मोजू. बॅटरीत ३० युनिट भरायचे तर मीटरवर ३३-३४ पडतात, कारण काही वीज चार्जर आणि बॅटरी तापण्यातच जाते. घरापर्यंत ३४ पोचायचे तर वीजकेंद्रातून सुमारे ४० निघावे लागतात. उच्चदाबाच्या तारा, उपकेंद्रं आणि कोपऱ्यावरची डीपी, प्रत्येक जण आपला वाटा कापून घेतो. केंद्र कोळशाचं असेल तर त्याचे स्वतःचे पंप, पंखे आणि कोळसा दळणाऱ्या चक्क्या यांना आणखी तीन. म्हणजे बॅटरीतल्या ३० युनिटांसाठी जनित्रावर ४३ युनिट. आपल्या देशी कोळशात राख फार, म्हणून एका युनिटला ६५० ते ७०० ग्रॅम कोळसा लागतो. गुणाकार करा: एका चार्जिंगला जवळपास ३० किलो. बॅटरीतल्या एका युनिटमागे एक किलो, असं ढोबळ गणित लक्षात ठेवलं तरी चालेल.

हेच चार्जिंग कोयनेच्या पाण्यावर करायचं ठरवू. शिवसागर जलाशयातलं पाणी बोगद्यांतून सह्याद्रीच्या पोटात शिरतं आणि चिपळूण तालुक्यातल्या पोफळीला भूमिगत वीजगृहात सुमारे ४७५ मीटर खाली कोसळतं. इतक्या उंचीवरून हजार लिटर पाणी पडलं की त्यातून किती वीज मिळावी? फक्त सव्वा युनिटाहून थोडी कमी. गच्चीवरची हजार लिटरची अख्खी टाकी कड्यावरून खाली ओतावी, तेव्हा गाडी जेमतेम सहा किलोमीटर पुढे सरकते. आपल्या एका चार्जिंगसाठी ३५ हजार लिटर, म्हणजे दहा हजारी साडेतीन टँकर पाणी लागतं. तेच पाणी पुढे कोळकेवाडीला पुन्हा एकदा वीज देतं आणि वाशिष्ठीतून समुद्राला मिळतं, एवढं समाधान.

तारापूरला अणुवीज आहे. तिथल्या ५४० मेगावॉटच्या संचांत नैसर्गिक युरेनियम वापरतात. आपल्या चार्जिंगपुरती वीज काढायला ते एक ग्रॅमसुद्धा लागत नाही. आणि छतावरचं एक किलोवॉटचं सौर पॅनेल महाराष्ट्रातल्या उन्हात दिवसाला सरासरी चार युनिट देतं, म्हणून त्याला मीटरवरचे ३४ युनिट भरून काढायला साडेआठ दिवस लागतात.

३० किलो कोळसा, ३५ हजार लिटर पाणी, ग्रॅमभर युरेनियम किंवा आठवड्याभराचं ऊन. गाडी तीच, रस्ता तोच, २०० किलोमीटर तेच.

यातला कोळशाचा भाग जरा जवळून पाहायला हवा, कारण देशातल्या दर चार युनिटांपैकी सुमारे तीन अजूनही त्याच्यातून येतात. महाराष्ट्रातलं त्याचं सर्वांत मोठं सरकारी ठिकाण म्हणजे चंद्रपूर महाऔष्णिक वीजकेंद्र, क्षमता २९२० मेगावॉट. रेल्वेची रेक आत आली की एकेक वाघीण वॅगन टिपलरवर ढकलतात. यंत्र वाघिणीला रुळासकट पकडतं, आडवी करतं, उलटी करतं आणि साठ-पासष्ट टन कोळसा धडधडत खालच्या हौदात जातो; धुळीवर पाण्याचे फवारे उडत असतात. तिथून पट्ट्यांवरून चक्क्यांत, चक्कीतून पिठाइतकी बारीक भुकटी होऊन गरम हवेच्या झोतात बॉयलरमध्ये. ५०० मेगावॉटच्या एका संचात तासाला दीड हजार टनांहून जास्त वाफ तयार होते, साधारण ५४० अंश सेल्सिअस तापमानाची. ती टर्बाइन मिनिटाला ३००० फेऱ्यांनी फिरवते. ३००० भागिले ६०, म्हणजे सेकंदाला ५०. आपल्या घरातल्या विजेची वारंवारिता ५० हर्ट्झ असते ती याच गतीमुळे.

सगळे संच पूर्ण भारावर चालले तर चंद्रपूरला सेकंदाला साडेपाचशे किलो कोळसा लागतो. सेकंदाला! तेवढ्यात १९ गाड्यांच्या बॅटऱ्या काठोकाठ भरण्याइतकी वीज तयार होते. दिवसाचा हिशेब ४७-४८ हजार टनांवर जातो. एका रेकमध्ये चार हजार टनांच्या आत-बाहेर कोळसा मावतो, म्हणून दिवसाला बारा रेका, दर दोन तासांनी एक, रात्रंदिवस. त्या कोळशात वजनाच्या तिसऱ्या हिश्श्याहून जास्त राख असते. दिवसाअखेर सोळा-सतरा हजार टन राख कुठेतरी न्यायचीच असते. पुण्यामुंबईत गाडीच्या मागून धूर निघत नाही, ही मोठी गोष्ट आहे. शहरातल्या मुलांच्या फुप्फुसांसाठी तर फारच मोठी. पण चंद्रपूरकरांच्या अंगणात पडणारी राख आणि कोयनेच्या पाण्याखाली गेलेल्या गावांचं पुनर्वसन, यांचाही त्या चार्जिंगमध्ये हिस्सा आहे. स्वच्छ गाडी चालवणाऱ्याने ही माणसं विसरता कामा नयेत.

मग पेट्रोलच बरं का? हिशेब पुन्हा मांडू. लिटरला १६ किलोमीटर देणाऱ्या गाडीला २०० किलोमीटरसाठी साडेबारा लिटर पेट्रोल लागतं. त्यात ११० ते ११५ युनिटांइतकी उष्णता असते. आपल्या ३० किलो कोळशात साधारण १२० युनिटांइतकी. म्हणजे दोन्हीकडे जळणारी उष्णता जवळपास सारखीच! पेट्रोलगाडी आपली बहुतेक उष्णता रेडिएटर आणि सायलेन्सरमधून रस्त्यावर टाकते. इलेक्ट्रिक गाडीच्या वाट्याची उष्णता चंद्रपूरच्या धुरांड्यांतून आणि शीतकरण मनोऱ्यांतून जाते. विजेची मोटर अत्यंत काटकसरी आहे, पण कोळशाचं केंद्र तसं नाही, आणि ती काटकसर तिथे बरीचशी संपून जाते.

कर्बवायूचं काय? साडेबारा लिटर पेट्रोल जाळलं की सुमारे २९ किलो कार्बन डायऑक्साइड निघतो. तेल काढणं, जहाजाने आणणं आणि शुद्ध करणं धरलं तर आणखी पाच-सहा किलो. इलेक्ट्रिक गाडीचं चार्जिंग निव्वळ कोळशावर झालं तर आकडा ३९-४० किलोपर्यंत चढतो. देशातल्या सगळ्या विजेची सरासरी धरली तर युनिटला सुमारे ०.७२ किलो, म्हणजे ४० युनिटांना २९ किलो. वर बॅटरी बनवतानाच काही टन कर्बवायू हवेत गेलेला असतो, तो वर्षानुवर्षं गाडी चालवून फेडायचा असतो. म्हणजे आजच्या सरासरी विजेवर इलेक्ट्रिक गाडी पुढे आहे, पण थोडीच. ही आघाडी वाढवायची किल्ली गाडीच्या कारखान्यात नाही, विजेच्या जाळ्यात आहे.

ते जाळं आता देशभर एकच आहे. ३१ डिसेंबर २०१३ रोजी रायचूर ते सोलापूर ही ७६५ केव्हीची वाहिनी सुरू झाली आणि दक्षिणेचं जाळं उरलेल्या देशाशी जोडलं गेलं. तेव्हापासून काश्मीरपासून कन्याकुमारीपर्यंतची जनित्रं एकाच लयीत फिरतात. तुमच्या सॉकेटमधला युनिट चंद्रपूरचा की राजस्थानच्या उन्हाचा, हे वेगळं काढून दाखवता येत नाही. पण तुम्ही प्लग लावला त्या क्षणी मागणी वाढली, आणि ती भागवायला कुठलातरी संच जास्त जोर लावतो, एवढं नक्की. तो संच कोणता, हे घड्याळावर ठरतं.

समजा देशात एक कोटी इलेक्ट्रिक मोटारी झाल्या आणि प्रत्येक वर्षाला १० हजार किलोमीटर धावली. गाडीमागे वर्षाला २ हजार युनिट, सगळ्यांना मिळून २ हजार कोटी युनिट. ऐकायला प्रचंड वाटतं. पण भारतात वर्षाला तयार होणारी वीज १ लाख ८० हजार कोटी युनिटांच्या पुढे गेली आहे. त्यात एक कोटी गाड्यांचा वाटा एक टक्क्याच्या जरासा वर. कोयनेचं पाणी लवादाने ठरवलेल्या मर्यादेत, म्हणजे वर्षाला ६७.५ टीएमसी, पश्चिमेला वळवता येतं. त्या सगळ्या पाण्याच्या पोफळीच्या एका उडीवर ११ लाख गाड्या वर्षभर चालतील. ‘एवढ्या गाड्यांना वीज पुरणार कुठून’ ही भीती वर्षाच्या हिशेबात टिकत नाही.

तासाचा हिशेब मात्र वेगळाच आहे. माणसं संध्याकाळी सातला घरी येतात आणि आल्या आल्या प्लग लावतात. घरगुती साधा चार्जर ३.३ किलोवॉटचा. एक कोटी गाड्या एकाच वेळी लागल्या तर ३३ हजार मेगावॉट. म्हणजे अकरा चंद्रपूर, किंवा सतरा कोयना, फक्त त्या एका घटकेसाठी. ७.२ किलोवॉटचे चार्जर असतील तर ७२ हजार मेगावॉट, जवळपास पंचवीस चंद्रपूर! ३० मे २०२४ रोजी देशाची विजेची मागणी तोवरच्या उच्चांकाला गेली, ती सुमारे अडीच लाख मेगावॉट होती. तिच्या चौथ्या हिश्श्याहून अधिक भार एकट्या मोटारी टाकतील. आणि नेमक्या त्याच वेळी सूर्य मावळलेला असतो. सौरवीज शून्यावर येते, दिवे, पंखे, एसी, टीव्ही चालू असतात, आणि ही चढण कोयनेच्या पाण्याने आणि कोळशानेच चढायची असते. संध्याकाळी लावलेला प्लग बहुतांशी कोळशाचा प्लग असतो.

दुपारी चित्र उलटं असतं. जानेवारी २०२५ अखेर देशातली सौर क्षमता एक लाख मेगावॉटवर गेली आणि तिची वाढ थांबलेली नाही. ऊन चढलं की कोळशाचे संच दाबावे लागतात. पण ते हवे तितके दाबता येत नाहीत, आग विझू द्यायची नसते. नियमाने त्यांना ५५ टक्क्यांपर्यंत खाली येता यायला हवं. त्याच्याही खाली मागणी गेली तर उन्हाची वीज घ्यायला गिऱ्हाईक उरत नाही. त्या वेळी प्लग लावलेली गाडी वाया जाऊ पाहणारं ऊन साठवून घेते. गाडी तीच, बॅटरी तीच. वेळ बदलली की तिच्यामागचा कोळसा घटतो.

आणि या सगळ्या आकड्यांत मला सर्वांत चकित करणारा आकडा सर्वांत लहान आहे. वर्षाला १० हजार किलोमीटर म्हणजे दिवसाला २७. त्याला मीटरवर साधारण ४.७ युनिट लागतात. ४०० वॉटची तीन पॅनेलं सरासरी तेवढी वीज देतात. त्या तीन पॅनेलांचं क्षेत्रफळ मिळून सहा चौरस मीटर. गाडी उभी करायची जागा अडीच मीटर रुंद आणि पाच मीटर लांब, म्हणजे साडेबारा चौरस मीटर. एका गाडीच्या पार्किंगवर जेवढं ऊन पडतं, त्यातल्या निम्म्या उन्हावर ती गाडी वर्षभर चालते. पावसाळ्यात कमी मिळेल, उन्हाळ्यात जास्त, पण वर्षाचा ताळा जमतो.

अडचण एवढीच की दुपारी गाडी घरी नसते, ऑफिसच्या, कारखान्याच्या, कॉलेजच्या आवारात उन्हात तापत उभी असते. म्हणून चार्जर तिथे हवेत. सोसायट्यांच्या बैठकीत चार्जिंगवरून वाद होतात तितकीच कळकळ कामाच्या ठिकाणच्या चार्जरसाठी दाखवायला हवी. केंद्राने २०२३ मध्ये ग्राहक हक्क नियमांत बदल करून उन्हाच्या तासांत वीज १० ते २० टक्के स्वस्त आणि चढ्या मागणीच्या तासांत तितकीच महाग ठेवण्याचं धोरण आणलं. महावितरणनेही दिवसाच्या घरगुती वापरावर सवलत देऊ केली आहे. ती सवलत ग्राहकाला बिलावर ठळक दिसली पाहिजे. आणि ज्याला गाडी रात्रीच चार्ज करावी लागते, त्याने निदान घरी आल्या आल्या प्लग लावू नये. टायमर लावून मध्यरात्रीनंतर भरावी. त्याने कोळसा टळत नाही, पण संध्याकाळची चढण हलकी होते आणि नवं चंद्रपूर उभारायची वेळ लांबते.

इलेक्ट्रिक गाडी घेणाऱ्याने निम्मं काम केलेलं असतं. उरलेलं निम्मं रोज करायचं असतं, आणि त्यासाठी आणखी पैसे मोजायचे नसतात. प्लग लावण्याआधी फक्त घड्याळाकडे पाहायचं असतं. एक कोटी माणसांनी ते पाहिलं तर अकरा चंद्रपुरांचा भार संध्याकाळवरून दुपारच्या उन्हावर सरकतो.