चंद्राचे खळे आणि विचारण्याची रीत

रात्री चंद्राभोवती मोठे कडे दिसले की दुसऱ्या दिवशी वर्गात हमखास प्रश्न येतो, "सर, चंद्राला खळे का पडते?" याचे उत्तर चांगल्या कोशात सापडते. मराठी विश्वकोशाचा पहिला खंड १९७६ साली निघाला. आता तर विश्वकोश मोबाइलवरही वाचता येतो. मग सरांना विचारावेच का?

अवश्य विचारावे, पण आधी थोडी खटपट करून. हात सरळ लांब धरा आणि अंगठा व करंगळी ताणा. ही वीत आकाशात सुमारे २० ते २२ अंश भरते. अंगठ्याचे टोक चंद्रावर ठेवले असता करंगळी कड्यापाशी पोचते का? पोचत असेल, तर हे खळे उंचावरील विरळ ढगांतल्या षट्कोनी बर्फकणांचे आहे. त्यांच्या एकमेकींशी ६० अंशांचा कोन करणाऱ्या बाजूंतून प्रकाश लोलकातून जावा तसा जातो आणि निदान २२ अंशांनी वळतो. म्हणून खळ्याची आतली कड रेखीव दिसते. कडे चंद्राला चिकटून, अवघे काही अंशांचे असेल, तर गोष्टच निराळी. ती करणी बहुधा ढगातल्या पाण्याच्या सूक्ष्म थेंबांची. आणि तेथे प्रकाशाचे अपवर्तन नव्हे, विवर्तन होते.

आता सांगा, नुसते "खळे का पडते?" म्हणणाऱ्याला यांतले कोणते उत्तर द्यावे? कडे किती वितींवर होते, ढग कसे होते, कोशात काय वाचले आणि नेमके कोठे अडले, एवढे सांगितलेत की सांगणाऱ्याचे निम्मे काम झालेच.

उत्तर देणाऱ्यालाही पथ्य आहे, आणि आमच्या मते ते अधिक कडक हवे. "एवढेही ठाऊक नाही? पुस्तकात बघ!" हे काही उत्तर नव्हे. ज्याला 'विवर्तन' हा शब्दच माहीत नाही, तो कोशात शोधणार तरी काय? त्याला तो शब्द द्या, पुस्तकाचे पान सांगा. पुढचे त्याचे तो वाचील. आपल्यालाच ठाऊक नसेल, तर तसे स्पष्ट म्हणावे. अंदाजाने ठोकून देऊ नये.

आणि वाचून आल्यावर "पण काल खळे अर्धेच का दिसले?" असे त्याने विचारले, तर शिक्षकहो, त्याच्याबरोबर जरूर बसा. ढग चंद्राच्या एकाच बाजूला होते का, येथून सुरुवात करता येईल.