आभासी संगणकाची डिस्क मंदावते तेव्हा

कार्यालयातील लेखा प्रणाली उघडण्यास एरवी काही क्षण लागतात आणि एके दिवशी मिनिटे लागू लागतात. अशा वेळी पहिला संशय प्रोसेसरवर घेतला जातो, दुसरा नेटवर्कवर. आभासी संगणकाला, म्हणजे व्हर्च्युअल मशीनला, आणखी दोन प्रोसेसर आणि थोडी स्मृती बहाल केली जाते आणि तरीही गती सुधारत नाही. प्रोसेसर रिकामाच असतो. तो डिस्ककडून येणाऱ्या उत्तराची वाट पाहत थांबलेला असतो.

एकाच प्रत्यक्ष संगणकावर अनेक आभासी संगणक चालविण्याची पद्धत आता बँका, रुग्णालये आणि शासकीय कार्यालये अशा सर्वच ठिकाणी रुळली आहे. प्रत्यक्ष संगणकाला यजमान, तर त्यावर चालणाऱ्या आभासी संगणकाला पाहुणा म्हटले जाते. हे शब्द मोठे समर्पक आहेत, कारण यजमानाच्या स्वयंपाकघरातील ओढाताण पाहुण्याला दिसत नाही. आपल्यापाशी स्वतंत्र हार्ड डिस्क आहे, अशी पाहुण्याची समजूत असते. वास्तविक ती डिस्क म्हणजे बहुधा यजमानाच्या डिस्कवरील एक मोठी फाइल असते आणि त्याच डिस्कवर इतर पाहुण्यांच्याही फायली असतात.

याचा परिणाम साध्या हिशेबाने समजतो. मिनिटाला ७,२०० फेरे घेणारी हार्ड डिस्क सेकंदाला १२० फेरे घेते. हवी ती जागा वाचणाऱ्या टोकाखाली येण्यास सरासरी अर्धा फेरा, म्हणजे सुमारे ४ मिलिसेकंद लागतात. टोक योग्य मार्गिकेवर सरकण्यास आणखी ८ ते ९ मिलिसेकंद जातात. म्हणजे विखुरलेल्या जागांवरील कामे सेकंदाला जेमतेम ७५ ते ८० होतात. प्रत्येक काम ४ किलोबाइटचे धरल्यास सेकंदाला सुमारे ३२० किलोबाइट. तीच डिस्क सलग वाचन करताना सेकंदाला शंभराहून अधिक मेगाबाइट सहज देते. परंतु दहा पाहुण्यांनी एकाच वेळी आपापले सलग वाचन सुरू केले, तर यजमानाच्या डिस्कला ते विखुरलेलेच भासते. सकाळी कार्यालय उघडताच सर्व यंत्रे एकदम सुरू होणे, किंवा विषाणूरोधक तपासणी सर्वांवर एकाच ठोक्याला लावलेली असणे, हे मंदगतीचे नेहमीचे आणि सर्वांत स्वस्तात दूर होणारे कारण आहे. वेळा पुढेमागे केल्या की पुरते. सॉलिड स्टेट ड्राइव्हवर ही अडचण पुष्कळ कमी होते. ती नाहीशी मात्र होत नाही.

म्हणून नवी डिस्क खरेदी करण्यापूर्वी विलंब नेमका कोणत्या थरात होतो, हे मोजणे आवश्यक ठरते. लिनक्सवरील आयोस्टॅट हे साधन प्रत्येक वाचन-लेखनास सरासरी किती मिलिसेकंद लागले ते दाखविते, तर विंडोजमध्ये परफॉर्मन्स मॉनिटर हेच काम करतो. हे माप पाहुण्यात आणि यजमानावर एकाच वेळी घ्यावे. दोन्हीकडे विलंब जास्त असल्यास दोष प्रत्यक्ष डिस्कचा किंवा तिच्यावरील भाराचा. यजमानावर विलंब कमी आणि पाहुण्यात जास्त असल्यास दोष मधल्या थरात शोधावा. व्हीएमवेअरच्या ईएसएक्सटॉप या साधनात तर ही विभागणी तयारच मिळते: उपकरणाचा विलंब, मधल्या थराचा विलंब आणि पाहुण्याला जाणवणारी त्यांची बेरीज. मधल्या थराचा आकडा एरवी शून्याच्या आसपास असतो. तो सातत्याने २ मिलिसेकंदांच्या वर राहिल्यास तेथे रांग लागली आहे असे समजावे. डिस्क १०० टक्के व्यग्र असल्याच्या आकड्यावर मात्र फार विसंबू नये. अनेक कामे समांतर करणाऱ्या सॉलिड स्टेट ड्राइव्हबाबत तो आकडा दिशाभूल करतो.

मधल्या थरातील पहिला संशयित म्हणजे विसरलेला स्नॅपशॉट. अद्ययावतीकरणापूर्वी खबरदारी म्हणून यंत्राची स्थिती गोठवून ठेवली जाते आणि त्यानंतरचे सर्व बदल वेगळ्या फाइलमध्ये लिहिले जातात. असे अनेक स्नॅपशॉट साचले, की एका वाचनासाठी फायलींची साखळी धुंडाळावी लागते. एकच स्नॅपशॉट ७२ तासांहून अधिक काळ वापरू नये, अशी व्हीएमवेअरची सूचना आहे. स्नॅपशॉट म्हणजे बॅकअप नव्हे, हे सांगूनही अनेक ठिकाणी ते महिनोन्महिने तसेच राहतात.

दुसरा संशयित म्हणजे डिस्कचे सोंग. पाहुण्याला जुन्या आयडीई पद्धतीची डिस्क दाखविल्यास प्रत्येक कामासाठी त्याला अनेकदा यजमानाकडे धाव घ्यावी लागते, जणू एका अर्जावरील प्रत्येक सहीसाठी शिपायाला वरच्या मजल्यावर पाठवावे. लिनक्समधील केव्हीएमसाठी यावर व्हर्टआयओ हा उपाय निघाला आणि जानेवारी २००८ मध्ये तो लिनक्सच्या गाभ्यात आला. त्यात पाहुणा आणि यजमान स्मृतीतील सामाईक रांगेतून कामांची देवाणघेवाण करतात. विंडोजमध्ये मात्र त्याचा ड्रायव्हर वेगळा बसवावा लागतो. ते राहून गेले, की उत्तम यंत्रावरही पाहुणा रखडतो.

जुन्या यंत्रांचे जसेच्या तसे रूपांतर केले असल्यास आणखी एक दोष सोबत येतो. विंडोज एक्सपी आणि सर्व्हर २००३ च्या काळात डिस्कचा पहिला विभाग ६३ व्या सेक्टरपासून सुरू होत असे. ही जागा ४ किलोबाइटच्या हिशेबात बसत नाही, त्यामुळे एका लेखनासाठी डिस्कला दोन खणांना हात लावावा लागतो. व्हिस्टा आणि सर्व्हर २००८ पासून विभाग १ मेगाबाइटच्या सीमेवर सुरू होऊ लागले.

सर्वांत जपून हाताळावयाची बाब म्हणजे लेखनाचा कॅश. डेटाबेस एखादा व्यवहार नोंदवितो, तेव्हा 'लिहिले' अशी पोच मिळेपर्यंत थांबतो. क्यूईएमयूमध्ये 'अनसेफ' नावाचा एक पर्याय आहे. तो निवडल्यास ही विनंती दुर्लक्षिली जाते आणि पोच तत्काळ दिली जाते. गती एकदम वाढते आणि समस्या सुटल्याचा भास होतो. परंतु वीज गेली तर ग्राहकाला पावती मिळालेली असते आणि खात्यात नोंद नसते. वारंवार वीज खंडित होणाऱ्या गावांतील पतसंस्थेत हा धोका काल्पनिक नाही. चाचणीच्या यंत्रापलीकडे हा पर्याय वापरू नये.

याच्या उलटही घडते. अनेक रेड नियंत्रकांच्या कॅशला बॅटरीचा आधार असतो. ती बॅटरी निकामी होताच नियंत्रक सुरक्षिततेसाठी प्रत्येक लेखन थेट डिस्कवर नेऊ लागतो. काहीही न बदलता लेखन अचानक मंदावले असल्यास ही बॅटरी आधी तपासावी. येथे मंदगती हीच सुरक्षितता असते आणि बॅटरी न बदलता कॅश सक्तीने सुरू करणे म्हणजे पुन्हा तोच धोका पत्करणे होय.

भाड्याच्या क्लाउडमध्ये यजमान पाहता येत नाही, तेथे करारातील आकडे वाचावे लागतात. ॲमेझॉनच्या जीपी२ प्रकारातील १०० गिगाबाइटच्या डिस्कला सेकंदाला ३०० कामांची हमी असते. शिलकीतील क्रेडिट खर्चून ती ३,००० पर्यंत जाते. मात्र पूर्ण वेगाने ही शिल्लक सुमारे ३३ मिनिटांत संपते. यंत्र सुरुवातीला वेगवान आणि अर्ध्या तासाने दहापट मंद, या तक्रारीचे मूळ अनेकदा येथे असते. २०२० मध्ये आलेल्या जीपी३ प्रकारात आकार कितीही असला तरी ३,००० कामांची पायाभूत मर्यादा मिळते आणि जुनी डिस्क यंत्र न थांबविता त्या प्रकारात बदलता येते.