गॅरेजच्या छताखाली विमान टांगताना: गैरसमज आणि वस्तुस्थिती

अमेरिकेत घरच्या गॅरेजात विमान ठेवणारी माणसं आहेत आणि त्यांच्यासाठी बनलेली विमानंही आहेत. डॅन डेनी यांच्या आराखड्याचं, १९८४ साली आयडाहोत पहिल्यांदा उडालेलं ‘किटफॉक्स’ हे त्यातलं नावाजलेलं. पोलादी नळ्यांच्या सांगाड्यावर कापड ताणलेलं, दोन माणसांचं, घरी जुळवायचं विमान. पंख या टोकापासून त्या टोकापर्यंत जवळजवळ पावणेदहा मीटर. पण पुढची खीळ काढून ते मागे फिरवले की धडालगत बसतात आणि रुंदी अडीच मीटरच्या आसपास येते. ट्रेलरवर घालून घरी आणलं की हँगरचं भाडं वाचतं, कापडही उन्हापासून वाचतं. मग पुढचा विचार ओघानेच येतो: मोटार खाली ठेवू, विमान वर टांगू. विचार चांगला आहे. त्याभोवतीच्या काही समजुती मात्र जिवावर बेतणाऱ्या आहेत.

‘पंख मिटले की विमान कुठेही मावतं’ ही पहिली. पंख मिटल्याने रुंदी घटते, उंची तेवढीच राहते. विमान सुमारे पावणेदोन मीटर उंच, साधी सेडान दीड मीटर. दोर, कप्पी आणि थोडी मोकळी जागा धरली तर साडेतीन मीटरच्या खाली भागत नाही. तिथल्या साध्या घरांत गॅरेजचं छत अडीच-पावणेतीन मीटरवर असतं. त्यात दरवाजा वर सरकून छताखाली आडवा होतो, म्हणजे हवी असलेली जागा त्याने आधीच अडवलेली. बऱ्याच घरांत बेत इथेच संपतो, आणि तो मोजपट्टीने संपलेला बरा.

दुसरी समजूत छपराची. जे छप्पर हिवाळाभर बर्फ पेलतं, त्याला दोनशे किलोचं काय? जुनी, हलकी किटफॉक्स रिकामी असताना साधारण तेवढीच भरतात. मोठ्या इंजिनाची नवी विमानं तीनशेच्या पुढे जातात. पण बर्फाचा भार येतो तो छपराच्या कैचीच्या (ट्रसच्या) वरच्या तिरप्या लाकडांवर. आपण हूक ठोकतो तो खालच्या आडव्या लाकडात. अमेरिकेच्या निवासी बांधकाम नियमांत सामान ठेवायचं नसलेल्या माळ्यासाठी चौरस फुटाला १० पौंड आणि थोडं सामान ठेवायच्या माळ्यासाठी २० पौंड भार धरतात. म्हणजे चौरस मीटरला सुमारे ५० आणि १०० किलो. हा भार सगळीकडे पसरलेला असतो असं गृहीत असतं, एका बोल्टवर लटकलेला नव्हे. बारीक लाकडं दातेरी पत्र्यांनी जोडून केलेल्या या कैचीत कुठेही कापाकापी किंवा बदल करायचा तर आधी इंजिनिअरची मंजुरी लागते. तिकडे राहणाऱ्या मराठी वाचकांनी छताला जड रॅक टांगतानाही हे लक्षात ठेवावं.

आता सगळ्यांत जास्त चुकणारा हिशेब. ‘विमान दोनशे किलोचं, म्हणजे छतावर दोनशे किलो.’ विहिरीवरची कप्पी आठवा. घागर दोराचं एक टोक खाली ओढते आणि पाणी शेंदणारा माणूस दुसरं टोक तेवढ्याच जोराने खाली ओढतो. कप्पीला दोन्ही सोसावे लागतात. गॅरेजातही तसंच होतं. दोर छताच्या कप्पीवरून नेऊन जमिनीलगतच्या विंचला, म्हणजे दोर गुंडाळून ओढणाऱ्या यंत्राला, गुंडाळला, तर छताच्या हुकावर जवळजवळ चारशे किलो येतात. विमानाला एक हलती कप्पी जोडली, तर दोरातला ताण शंभरावर येतो आणि विंच फिरवणं हलकं होतं, तरी छतावर एकूण तीनशे पडतात: दोराच्या बांधलेल्या टोकाशी शंभर, वरच्या कप्पीवर दोनशे. तेच विंच वर तुळईवर बसवलं, तर भार दोनशे अधिक विंचचं स्वतःचं वजन एवढाच राहतो. सामान तेच, जागा बदलली की पहिल्या मांडणीच्या मानाने छताचं ओझं जवळजवळ निम्म्यावर येतं. हा हिशेब कागदावर मांडल्याशिवाय एकही हूक ठोकू नये, असं मी आग्रहाने सांगेन.

दोरांची संख्या वाढवली की भार समान वाटला जातो, हेही खरं नाही. विमानाचा सांगाडा ताठ असतो. चार दोरांपैकी एखादा किंचित लांब राहिला, तर समोरासमोरचे दोनच दोर बहुतेक भार घेतात. म्हणून कुठल्याही दोन दोरांनी सगळं विमान पेललं पाहिजे. आणि एकाच हुकातून दोन दोर फाकवले आणि त्यांचा आडव्याशी कोन ३० अंशांवर आला, तर प्रत्येक दोरात अख्ख्या विमानाच्या वजनाइतका ताण येतो.

विंचवर लिहिलेल्या आकड्यावरही डोळे मिटून विसंबू नका. मोटारगाड्या चिखलातून काढायच्या विंचचा आकडा जमिनीवर ओढण्याचा असतो. त्याने वजन वर उचलू नये, असं अनेक निर्मात्यांच्या पुस्तिकेत स्पष्ट लिहिलेलं असतं. स्वस्त विजेच्या हॉइस्टवर ‘१२५/२५०’ असे दोन आकडे दिसतात. त्यातला मोठा आकडा सोबतची कप्पी लावून दोर दुहेरी केल्यावरचा, आणि तेव्हा उचलण्याची उंची निम्मी होते. मुख्य म्हणजे विंच उचलण्यासाठी असतं, महिनोन्महिने धरून ठेवण्यासाठी नव्हे. विमान वर पोचलं की ते वेगळ्या साखळ्यांवर किंवा लोखंडी आधारांवर टेकवायचं आणि विंचचा दोर सैल सोडायचा.

पट्टे कुठे बांधायचे? पंखांना तर नाहीच, कारण मिटलेल्या पंखाची पुढची खीळ काढलेली असते. प्रोपेलरलाही नाही. उडताना पंखांचा जोर सांगाड्याच्या ज्या नळ्या घेतात, तिथे पट्टे लागणं सयुक्तिक. नेमकी जागा किट बनवणाऱ्याला विचारावी. तोल मात्र पुन्हा काढावा लागतो. पंख मागे गेले की गुरुत्वमध्य मागे सरकतो आणि शेपूट जड होते. विमानाच्या कागदपत्रांतला आकडा उघड्या पंखांचा असतो. पंख मिटून, तिन्ही चाकांखाली काटे ठेवून वजन केलं की खरा गुरुत्वमध्य कळतो.

उंचावर ठेवलं म्हणून पेट्रोलचा धोका टळत नाही. पेट्रोलची वाफ हवेपेक्षा जड, ती खाली उतरते, आणि अमेरिकेतल्या कित्येक गॅरेजांत पाणी तापवायचा गॅसचा बंब खालीच असतो. टाक्या रिकाम्या करूनच विमान वर न्यावं.

माझं मत स्पष्ट आहे. साध्या घराच्या छताला किटफॉक्सएवढं विमान टांगू नये. उंची पुरेशी असेल तर जमिनीवर स्वतःच्या खांबांनी उभी राहणारी पोलादी चौकट इंजिनिअरकडून आखून घ्यावी. किंवा मोटारी उचलायची चार खांबी लिफ्ट घेऊन तिच्यावर विमानाच्या चाकांसाठी फळा बसवावा. ती लिफ्ट काही टन पेलते आणि वर गेल्यावर भार तारेवर न राहता खांबांतल्या खटक्यांवर बसतो. तेवढी उंची किंवा तेवढा खर्च जमत नसेल, तर विमान जमिनीवरच राहू द्या आणि मोटार बाहेर लावा.