सिकंदराबादचा डास आणि आमचा हौद

हैदराबादला जाऊन आलो असे सांगितले की लोक पहिला प्रश्न विचारतात, ‘चारमिनार पाहिला का?’ आणि दुसरा, ‘बिर्याणी खाल्ली का?’ दोन्हींचे उत्तर होय असे आहे. पण शेतकरी बंधुभगिनींनो, आम्हांला आज त्या दोहोंविषयी लिहावयाचे नाही. हैदराबादच्या शेजारी, किंबहुना आता हैदराबादच्या पोटातच, सिकंदराबाद नावाचे इंग्रजी अमदानीतले छावणीचे शहर आहे. तेथील एका जुन्या इमारतीने आमच्या मनात घर केले. तिची हकिकत आपल्या प्रत्येकाच्या अंगणाशी येऊन पोहोचते, म्हणून या पानावर तिला जागा देत आहोत.

आम्ही आमच्या धर्मग्रामातले नऊ शेतकरी होतो. पावसाळा सरला होता, रब्बीची पेरणी उरकली होती. जालन्याला रात्रीची गाडी धरली, परभणी-नांदेड झोपेतच गेले आणि बासरजवळ गोदावरी ओलांडताना जाग आली. आमच्यापैकी वडीलधाऱ्यांना ही वाट ऐकून माहीत. १७ सप्टेंबर १९४८ पर्यंत आपला मराठवाडा निजामाच्या राज्यात होता आणि पुढेही १९५६ पर्यंत हैदराबाद राज्यातच राहिला. कोर्टकचेरी असो की वरचे शिक्षण, आजोबा-पणजोबांना तेथेच जावे लागे. शहरात विवेकवर्धिनीसारख्या मराठी संस्था उभ्या राहिल्या, त्या याच संबंधांतून. त्यामुळे परक्या मुलखात आलो असे काही वाटले नाही. रिक्षावाल्याशी आमच्या दखनी वळणाच्या हिंदीत बोलणे झाले, भाड्यावरून हुज्जतही झाली.

पहिल्या दिवशी जुने शहर पाहिले. महंमद कुली कुतुबशहाने १५९१ साली हैदराबाद वसवले, चारमिनारही त्याच वर्षाचा. एक भयंकर साथ ओसरली तिची आठवण म्हणून तो बांधला, असे तेथले लोक सांगतात. पुढे मुसी नदी लागते. आज तिच्याकडे पाहून कोणाला खरे वाटणार नाही, पण २८ सप्टेंबर १९०८ रोजी या नदीने हजारो माणसे नेली. अफजलगंजच्या बागेतल्या एका चिंचेच्या झाडावर चढून सुमारे दीडशे जण वाचले. ते झाड आजही उस्मानिया रुग्णालयाच्या आवारात आहे. त्याच्या बुंध्याला हात लावल्यावाचून आमच्यातला एकही पुढे सरकला नाही. शेतकऱ्याला झाडाचे मोल सांगावे लागत नाही. पुरानंतर सर विश्वेश्वरय्यांना बोलावून घेतले आणि १९२० साली उस्मानसागर व १९२७ साली हिमायतसागर असे दोन तलाव तयार झाले.

दुसऱ्या दिवशी पाटणचेरूला इक्रिसॅट ही आंतरराष्ट्रीय संस्था पाहिली. ती १९७२ साली स्थापन झाली. ज्वारी, बाजरी, हरभरा, तूर आणि भुईमूग अशा कोरडवाहू पिकांवर तेथे संशोधन चालते. काळी आणि तांबडी अशा दोन्ही जमिनी एकाच कुंपणात आहेत. मर रोगाला दाद न देणारी ‘मारुती’ तूर आणि नंतरची ‘आशा’ तूर आपल्यापैकी पुष्कळांनी पेरली असेल. त्यांचे मूळ येथे आहे. या विषयावर लिहायचे तर वेगळे पान हवे.

तिसरा दिवस सिकंदराबादचा. १७९८ साली निजाम आणि इंग्रज यांच्यात तह झाला आणि इंग्रजी फौज हुसेनसागर तलावाच्या उत्तरेला तळ देऊन राहिली. १८०६ साली त्या तळाला निजाम सिकंदर जाह यांचे नाव मिळाले. पुढे तळाचे शहर झाले. सकाळी आम्ही सेंट मेरी चर्चमध्ये मिस्सा ऐकली. फादर डॅनियल मर्फी या आयरिश धर्मगुरूंच्या काळात उभारलेले हे चर्च १८५० साली पूर्ण झाले आणि २००८ साली त्याला बसिलिकेचा मान मिळाला. जुन्या छावण्यांच्या कबरस्तानांतून हिंडताना एक गोष्ट मनाला लागते, ती म्हणजे विशी-पंचविशीत गेलेल्यांच्या कबरी. छावणीतल्या शिपायांचा मोठा शत्रू बहुतेक वेळा समोरच्या फौजेत नसून तापात आणि पटकीत होता.

तेथून बेगमपेटला गेलो. २००८ पर्यंत जेथून प्रवासी विमाने उडत, त्या जुन्या विमानतळाजवळच ती इमारत आहे. फार मोठी नाही. आज ती उस्मानिया विद्यापीठाच्या ताब्यात असून रोनाल्ड रॉस यांच्या नावाने ओळखली जाते. चारमिनारला माणसांची रीघ होती, येथे आम्ही नऊजणच.

रॉस साहेब जन्माने अल्मोड्याचे. १८५७ सालचा जन्म. सैन्याचे डॉक्टर म्हणून ते १८९५ साली सिकंदराबादेस आले. हिवतापाचा जंतू माणसाच्या रक्तात असतो हे फ्रेंच डॉक्टर लाव्हरान यांनी १८८० सालीच अल्जीरियात पाहिले होते. पण तो एका माणसातून दुसऱ्यात जातो कसा? दलदलीच्या दूषित हवेने, असे त्या वेळचे जग समजत होते. ‘मलेरिया’ या शब्दाचा अर्थच मुळी ‘वाईट हवा’. डॉ. मॅन्सन यांनी लंडनमध्ये रॉस यांना सांगितले की डासांवर लक्ष ठेवा. रॉस यांनी लक्ष ठेवले आणि दोन वर्षे चुकीच्या डासांवर ठेवले! करड्या आणि पट्टेरी डासांची शेकडो पोटे त्यांनी सुईने उकलली, हाती काही लागले नाही. दोन हंगाम चुकीचे बियाणे पेरणाऱ्या माणसाची दशा काय होते ते आपण जाणतो.

१८९७ च्या ऑगस्टात त्यांच्या माणसाने बाटलीत भरून वेगळ्याच अळ्या आणल्या. त्यांतून पंखांवर ठिपके असलेले डास निघाले. १६ ऑगस्टला हुसेन खान नावाच्या हिवतापाच्या रोग्याला मच्छरदाणीत निजवून ते डास आत सोडले. रक्त प्यालेल्या प्रत्येक डासामागे त्याला एक आणा ठरला होता.  मग रॉस एकेक डास तपासू लागले. उकाडा असह्य होता, पण पंखा चालवण्याची सोय नव्हती, कारण वाऱ्याने डास उडून जात. घामाने सूक्ष्मदर्शकाचे स्क्रू गंजले होते. २० ऑगस्टला, थोडेच डास उरले असता, एकाच्या पोटाच्या भिंतीवर त्यांना काळे कण असलेल्या गोल पेशी दिसल्या. रक्तात जे काळे कण दिसतात तेच हे. गुन्हेगार सापडला होता! लवकरच त्यांची बदली झाली, तेव्हा पुढचे काम त्यांनी कलकत्त्याला पाखरांच्या हिवतापावर पुरे केले. माणसाला हिवताप देणारा डास अॅनॉफिलीस जातीचा, हे इटलीच्या ग्रास्सी यांनी १८९८ साली दाखवले. १९०२ चे नोबेल पारितोषिक रॉस यांना मिळाले. हुसेन खान पुढे कोठे गेला हे मात्र कोणी विचारले नसावे.

“मग डास सापडायच्या आधी लोक तापाला करायचे काय?” आमच्यातल्या एकाने विचारले. जुन्या मंडळींनी लगेच उत्तर दिले, “कोयनेल!” ते खरेच आहे आणि त्याची गोष्ट फार दूरची आहे. दक्षिण अमेरिकेत अँडीज नावाचा उंच डोंगर आहे. बटाटा मूळचा तिकडचा. त्या डोंगरात सुमारे २,८५० मीटर उंचीवर कीटो हे शहर आहे. स्पॅनिश लोकांनी १५३४ साली ते वसवले. जुन्या चर्चांसाठी ते इतके नावाजलेले आहे की युनेस्कोने १९७८ साली जागतिक वारशाच्या अगदी पहिल्या यादीत त्याला घेतले. त्याच देशाच्या दक्षिणेला लोहा भागातील जंगलात सिंकोनाचे झाड होते. त्याच्या कडू सालीने थंडीताप उतरतो हे सतराव्या शतकात येशूसंघीय धर्मगुरूंनी युरोपला कळवले. कार्डिनल जुआन द लुगो यांनी रोममध्ये ती साल गरिबांना फुकट वाटली. लोक तिला येशूसंघीयांची साल म्हणू लागले. १८२० साली फ्रान्समध्ये सालीतून क्विनीन वेगळे काढले. १८६० नंतर निलगिरीत सिंकोनाची लागवड झाली आणि पुढे टपाल कचेऱ्यांतून क्विनीनच्या पुड्या मिळू लागल्या. म्हणजे औषध एका डोंगरी मुलखातून आले आणि रोगाची वाट दुसऱ्या पठारावर, या बेगमपेटात, सापडली. मध्ये अडीचशे वर्षे गेली. तेवढा काळ माणसे औषध घेत होती आणि डासांना घरात ठेवत होती.

आमच्या सोबत एक काका होते. सबंध प्रवासात हसते-बोलते, पण येथे गप्प झाले. त्यांची हकिकत आम्हांला ठाऊक होती. दहा-बारा वर्षांपूर्वी त्यांच्या गरोदर सुनेला दिवसाआड थंडी वाजून ताप येत होता. तालुक्याच्या एका दवाखान्यात तिला सलाईन लावले, सुया दिल्या, रक्त मात्र तपासले नाही. पाचव्या दिवशी दुसरीकडे रक्त पाहिले तेव्हा हिवताप निघाला. सून वाचली, पोटातले मूल गेले. काका आम्हांला म्हणाले, “आमचं घर रानात आहे. जवळ ना गटार ना उकिरडा. डास आला कोठून?”

याचे उत्तर शहरातल्यापेक्षा शेतकऱ्याने नीट समजून घेतले पाहिजे. गटारातल्या घाण पाण्यात वाढणारा डास बहुधा वेगळा असतो. हिवतापाचा डास स्वच्छ पाणी पसंत करतो. पाटाच्या कडेचे डबके, न वापरलेली विहीर, भाताचे खाचर, ओढ्यातला खड्डा, गुरांचा हौद, ठिबकची सिमेंटची टाकी, या त्याच्या जागा. आपण पाणी साठवायला शिकलो ही आनंदाची गोष्ट, पण झाकायला शिकलो नाही. त्याची अळी ओळखणे सोपे आहे. इतर डासांच्या अळ्या पाण्यात डोके खाली करून लोंबतात. हिची मात्र पाण्याच्या पृष्ठभागाला समांतर, आडवी पडलेली असते. मोठा डास भिंतीवर बसला की शेपूट वर उचलून तिरपा दिसतो. तो रात्री चावतो. (दिवसा चावणारा पट्टेरी डास डेंग्यूचा. त्याचे बिऱ्हाड रांजणात आणि टायरात.) उबदार हवेत अंड्यापासून डास व्हायला आठ-दहा दिवस पुरतात. म्हणून आरोग्य खाते सांगते तो आठवड्याचा कोरडा दिवस मनावर घ्यावा. हौद रिकामा करून, घासून, वाळवून पुन्हा भरावा. जो रिकामा करता येत नाही त्यात गप्पी मासे सोडावेत. पिण्याच्या टाकीला घट्ट झाकण बसवावे. वापरात नसलेल्या खड्ड्यात जळके तेल चालेल, पण गुरे पितात त्या पाण्यात ते चुकूनही टाकू नये.

हिवताप पूर्वीइतका राहिलेला नाही हे खरे. महाराष्ट्रात त्याचा जोर गडचिरोलीच्या जंगलपट्ट्यात अधिक आहे. तरी पावसाळ्यात आणि नंतर थंडी वाजून ताप आला तर पहिल्याच दिवशी रक्त तपासून घ्यावे. प्राथमिक आरोग्य केंद्रात तपासणी आणि गोळ्या दोन्ही मोफत मिळतात. हिवतापाच्या एका प्रकारात जंतू यकृतात दडून बसतात आणि काही महिन्यांनी ताप उलटतो. त्यासाठी चौदा दिवसांच्या गोळ्या देतात. ताप तिसऱ्या दिवशी उतरतो आणि उरलेल्या गोळ्या खिडकीत राहतात, हे आम्ही घरोघरी पाहिले आहे. गरोदर बाईला या चौदा दिवसांच्या गोळ्या चालत नाहीत, तिचे औषध वेगळे असते. तेव्हा शेजारणीच्या उरलेल्या गोळ्या तिला देऊ नयेत. रात्री तिला आणि लहान मुलांना मच्छरदाणीत निजवावे, शक्य तर कीटकनाशक लावलेल्या.

परत आल्यावर चौथ्या दिवशी काकांनी आम्हांला त्यांच्या रानात बोलावले. घरामागे, निंबाच्या सावलीत, गुरांचा सिमेंटचा हौद होता. सुनेचे लग्न झाले त्या वर्षी बांधलेला. काकांनी पांढऱ्या थाळीत ओंजळभर पाणी काढून आमच्यापुढे धरले. पाण्यावर बारीक काड्यांसारख्या अळ्या आडव्या पडल्या होत्या. काका बराच वेळ थाळीकडे पाहत राहिले. मग त्यांनी ते पाणी तापलेल्या मुरमावर ओतले, धोतराचा काष्टा खोचला आणि हौदाच्या तळाची गुडदी उपसली.