तापाचे पहिले दोन दिवस

यंदाच्या श्रावणात आईला ताप आला. वय ऐंशी. रात्री साडेनऊला अंग मोडून आलं, पहाटे घसा धरला आणि सकाळी थर्मामीटर १०२ दाखवू लागला. मी दुकान भावाच्या मुलावर सोपवलं आणि आईला रिक्षात घालून नेरळच्या बाजारपेठेतल्या आमच्या नेहमीच्या दवाखान्यात नेलं. पावसाळ्यात दवाखान्याचा बाक कधी रिकामा नसतो. शेलू, दामत, ममदापूरची माणसं, कडेवर मूल घेतलेल्या बाया आणि मुंबईहून पहिल्या लोकलने परत फिरलेला एखादा चाकरमानी, सगळे एकाच सुरात खोकत होते.

डॉक्टरीणबाईंनी आईच्या बोटाला ऑक्सिमीटर लावला, छाती तपासली, श्वास मोजला. घरात आणखी कोणी आजारी आहे का, हे विचारलं. नातू चार दिवस खोकत होता, ते मी सांगितलं. मग त्यांनी दोन गोष्टी लिहून दिल्या. एक, मलेरिया आणि डेंग्यूसाठी रक्ताची तपासणी. दुसरी, ओसेल्टामिविरच्या ७५ मिलिग्रॅमच्या दहा गोळ्या, सकाळ-संध्याकाळ एक, पाच दिवस.

मी विचारलं, "मॅडम, फ्लूची टेस्ट नको का करायला? नाकातली?"

त्या म्हणाल्या, "काका, नमुना बाहेर पाठवावा लागेल. कागद हातात येईपर्यंत औषधाचे दिवस निघून जातील. आजींचं वय बघा. गोळी आजच सुरू करायची."

हे उत्तर मला सोळा वर्षं आधी कोणी दिलं असतं तर, हा विचार घेऊन मी घरी आलो. या लेखाचं मूळ तिथे आहे. मी डॉक्टर नव्हे. शिक्षण बारावीपर्यंत, धंदा झेरॉक्सचा. पण २००९ नंतर या एका आजाराविषयी मिळेल ते वाचत आलो आहे, आणि जे समजलं ते वाचकांसमोर ठेवतो आहे. प्रश्न एकच : दवाखान्यात फ्लूचा संशय आल्यावर तपासणी कधी करायची, आणि तपासणीवाचून उपचार कधी करायचे?

मानमोडी

माझी आजी फ्लूला फ्लू म्हणत नसे. 'मानमोडी' म्हणे. १९१८ च्या साथीचं हे मराठी नाव. ती साथ आली तेव्हा आजी जन्मलेलीही नव्हती, पण शब्द घरात राहिला होता. १० जून १९१८ रोजी मुंबईच्या गोदीवर पहाऱ्याला असलेले सात पोलीस शिपाई तापाने इस्पितळात दाखल झाले. महायुद्धातून परतणाऱ्या सैनिकांची जहाजं त्याच गोदीला लागत होती. जूनमधली पहिली लाट तुलनेने सौम्य होती. सप्टेंबरात दुसरी आली, ती मारक ठरली. ६ ऑक्टोबर १९१८ या एका दिवशी मुंबईत ७६८ मृत्यूंची नोंद झाली.

मुंबईतून ती देशभर पसरली ती रेल्वेने. आमचं नेरळ ग्रेट इंडियन पेनिन्सुला रेल्वेच्या मुख्य मार्गावरचं; माथेरानची छोटी गाडी इथून १९०७ सालीच सुरू झाली होती. त्या वर्षी पाऊसही रुसला होता, धान्य महागलं होतं, अशक्त माणसं तापाला लवकर बळी पडली. भारतातल्या मृत्यूंचे अंदाज सव्वा कोटीपासून पावणेदोन कोटींच्या पुढेपर्यंत जातात. १९११ ते १९२१ हे एकच दशक असं, ज्यात भारताची लोकसंख्या वाढण्याऐवजी किंचित घटली.

तेव्हा तपासणी होती का? होती, पण चुकीच्या आरोपीची. रिचर्ड फायफर या जर्मन शास्त्रज्ञाने १८९२ मध्ये रुग्णांच्या थुंकीत एक जिवाणू पाहून तोच इन्फ्लुएंझाचं कारण असल्याचं जाहीर केलं होतं. १९१८ मध्ये जगभरचे डॉक्टर सूक्ष्मदर्शकाखाली तोच शोधत बसले. काहींना सापडला, काहींना नाही. खरा गुन्हेगार विषाणू होता, आणि साध्या सूक्ष्मदर्शकाला तो दिसणंच शक्य नव्हतं. १९३३ मध्ये लंडनला विल्सन स्मिथ, अँड्र्यूज आणि लेडलॉ यांनी फेरेट नावाच्या, मुंगसासारख्या दिसणाऱ्या प्राण्याच्या नाकात रुग्णाच्या घशातलं गाळलेलं पाणी सोडलं. फेरेट शिंकू लागला आणि माणसाच्या फ्लूचा विषाणू पहिल्यांदा हाती लागला. म्हणजे मानमोडीत गेलेल्या एकाही माणसाचं निदान त्याच्या हयातीत खऱ्या अर्थाने झालेलं नव्हतं.

२००९

मधल्या काळात बरंच घडलं. पुण्यात १९५२ मध्ये विषाणू संशोधन केंद्र उभं राहिलं, तेच पुढे राष्ट्रीय विषाणू विज्ञान संस्था झालं. विषाणूच्या जनुकाचा अंश शोधून त्याच्या लाखो प्रती काढणारी पीसीआर ही पद्धत आली. माझ्या धंद्याच्या भाषेत सांगायचं तर ती विषाणूची झेरॉक्स आहे : मूळ कागदाचा कपटा मिळाला तरी इतक्या प्रती निघतात की तो वाचता येतो.

११ जून २००९ रोजी जागतिक आरोग्य संघटनेने 'स्वाइन फ्लू'ची जागतिक साथ जाहीर केली. ३ ऑगस्टला पुण्यात चौदा वर्षांच्या एका शाळकरी मुलीचा मृत्यू झाला. भारतातला तो पहिला बळी. त्यानंतरचे दिवस ज्यांनी पाहिले त्यांना सांगायला नको. पुण्यात नायडू आणि मुंबईत कस्तुरबा रुग्णालयासमोर रांगा, चेहऱ्यावर रुमाल, बंद शाळा आणि थिएटरं. सुरुवातीला तपासणी मोजक्या सरकारी प्रयोगशाळांतच होई, औषधही सरकारी रुग्णालयांतूनच मिळे. ज्याला-त्याला एकच कागद हवा होता : पॉझिटिव्ह की निगेटिव्ह.

त्या वर्षी गणपती विसर्जनानंतर अण्णांना, म्हणजे माझ्या वडिलांना, ताप आला. वय सदुसष्ट, बारा वर्षांचा मधुमेह. पहिले दोन दिवस आम्ही घरीच काढले. रांगेची भीती, वेगळ्या वॉर्डात ठेवतील याची भीती आणि शेजारीपाजारी काय म्हणतील ही त्याहून मोठी भीती. तिसऱ्या दिवशी एका दवाखान्यात नेलं. तिथे इंजेक्शन आणि अँटिबायोटिक मिळालं, आणि 'टेस्ट करून या, मग बघू' असं सांगितलं गेलं. चौथ्या दिवशी मी त्यांना लोकलने घेऊन गेलो. नाकात-घशात काडी घातली, नमुना गेला. आम्ही कागदाची वाट पाहत घरी परतलो. सहाव्या रात्री अण्णांना धाप लागली. सातव्या दिवशी ते गेले. कागद त्यानंतर आला. पॉझिटिव्ह.

त्यात कोणा एकाला दोष देण्यासारखं नाही. दिला तर आधी मला द्यावा लागेल. पण पुढे वाचताना जे सापडलं ते मला अजून टोचतं. केंद्र सरकारच्या आरोग्य मंत्रालयाने ऑगस्ट २००९ मध्येच रुग्णांचे तीन गट पाडून सूचना काढली होती.

'अ' गट : सौम्य ताप, खोकला, घसा, अंगदुखी. यांची तपासणी नको, ओसेल्टामिविरही नको. घरी विश्रांती, इतरांपासून दूर राहणं, एक-दोन दिवसांनी पुन्हा दाखवणं.

'ब' गट : ही लक्षणं असून ताप आणि घसा तीव्र असलेले, तसंच धोक्यातले लोक, म्हणजे लहान मुलं, गरोदर बाया, पासष्टीपुढची माणसं आणि मधुमेह, हृदय, फुप्फुस, मूत्रपिंड, यकृत यांचे जुने आजार असलेले. तीव्र लक्षणांच्या रुग्णाला गरजेप्रमाणे ओसेल्टामिविर, धोक्यातल्यांना ते द्यायचंच. तपासणी मात्र दोघांचीही नको.

'क' गट : धाप, छातीत दुखणं, गुंगी, रक्तदाब उतरणं, थुंकीतून रक्त, नखं निळी पडणं, मुलांत चिडचिड, मलूलपणा, खाणं-पिणं सोडणं. यांना ताबडतोब दाखल करायचं, तपासणी करायची आणि अहवालाची वाट न पाहता उपचार सुरू करायचे.

अण्णा पहिल्या दिवसापासून 'ब' गटात होते. त्यांना तपासणीची गरजच नव्हती, औषधाची होती. तो कागद निघाला होता. आमच्यापर्यंत पोचला नव्हता.

घाई कशासाठी

फ्लूच्या विषाणूच्या अंगावर दोन प्रकारची प्रथिनं असतात. एच१एन१ या नावातली एच आणि एन ही अक्षरं त्यांचीच. एच पेशीत शिरायला उपयोगी पडतं. आत विषाणूच्या हजारो प्रती तयार झाल्या की त्या पेशीच्या पृष्ठभागाला चिकटलेल्या असतात. तो चिकटा तोडून त्यांना मोकळं करण्याचं काम एनचं. ओसेल्टामिविर या एनला निकामी करतं. विषाणू मरत नाही, पण पुढच्या पेशीकडे जाऊ शकत नाही.

आता वेळेचा हिशोब पाहा. लक्षणं दिसल्यावर पहिल्या दोन-तीन दिवसांतच शरीरातली विषाणूंची संख्या टोकाला पोचते. घरं पेटून झाल्यावर वस्तीची वाट अडवून काय उपयोग? म्हणून ४८ तासांच्या आत पहिली गोळी, असा नियम आहे. अत्यवस्थ रुग्णाला उशिरा का होईना, ती देतात, कारण थोडाफार फायदा तिथेही मोलाचा असतो.

हे औषध जादूचं नाही, हेही सांगायला हवं. एरवी धडधाकट माणसाचा आजार त्याने सरासरी एखाद्या दिवसाहून कमीच कमी होतो. मळमळ, उलटी हा त्रास होतो. २०१४ मध्ये कॉक्रेन या संस्थेने चाचण्यांचे मूळ अहवाल तपासून त्याच्या गुणांविषयी बरेच प्रश्न उभे केले. म्हणूनच ते सरसकट सगळ्यांसाठी नाही. गंमत अशी की ते ज्या शिकिमिक आम्लापासून बनवतात ते मिळवण्याचा जुना मार्ग आपल्या मसाल्याच्या डब्यातून जातो : चक्रीफूल. पण चक्रीफुलाचा काढा म्हणजे औषध नव्हे. आम्लापासून गोळीपर्यंत रसायनशास्त्राच्या अनेक पायऱ्या आहेत. काढा घशाला बरा वाटतो, तेवढ्यासाठी जरूर घ्यावा.

अँटिबायोटिक जिवाणूंवर चालतं, विषाणूवर नाही. फ्लूमागून जिवाणूंचा न्यूमोनिया झाला तरच त्याचं काम. आणि मुलांना फ्लूच्या तापात ॲस्पिरिन देऊ नये. त्यातून मेंदू आणि यकृत बिघडवणारा राय सिंड्रोम हा दुर्मीळ पण घातक आजार होऊ शकतो. तापासाठी पॅरासिटामॉल.

काडी काय सांगते

मग तपासणी निरुपयोगी आहे का? नाही. तिचे दोन प्रकार समजून घ्यावेत. पीसीआर अचूक, पण नमुना योग्य द्रवात, थंड पेटीत प्रयोगशाळेपर्यंत जावा लागतो. यंत्राला काही तासच लागतात; दिवस जातात ते प्रवासात आणि रांगेत. दुसरी, पट्टीवरची झटपट तपासणी. पंधरा-वीस मिनिटांत रेघ उमटते. ती पॉझिटिव्ह आली तर सहसा खरी असते. पण ती साधारण ५० ते ७० टक्केच रुग्ण पकडते, म्हणजे फ्लू झालेल्या शंभरांतल्या तीस ते पन्नास जणांना ती 'नाही' म्हणते. साथीच्या दिवसांत त्या 'नाही'वर विसंबून 'ब' गटातल्या माणसाला औषधावाचून घरी पाठवणं धोक्याचं.

डॉक्टरीणबाईंनी रक्ताची तपासणी मात्र का लिहून दिली, याचं उत्तरही इथेच आहे. कर्जत-खालापूरच्या पावसाळ्यात ताप म्हणजे मलेरिया असू शकतो, डेंग्यू असू शकतो, चिखलात लावणी केलेल्या माणसाला लेप्टोही असू शकतो. मलेरियाचं औषध वेगळं, लेप्टोचं वेगळं. डेंग्यूत प्लेटलेटवर लक्ष ठेवावं लागतं. त्या तपासणीने उपचार बदलतो. आईच्या नाकातल्या काडीने बदलला नसता. उत्तर काहीही आलं असतं तरी ऐंशीच्या वयात, घरात खोकणारा नातू असताना, गोळी द्यायचीच होती. तपासणीचा आग्रह धरण्याआधी आपण एवढंच विचारावं : उत्तर 'हो' आलं तर काय करणार, 'नाही' आलं तर काय करणार? दोन्हीकडे एकच करणार असू, तर थांबायचं कशाला?

साथ मोजण्यासाठी, विषाणूचं रूप बदलतंय का हे पाहण्यासाठी, दरवर्षीच्या लशीत काय घालायचं ते ठरवण्यासाठी आणि दाखल झालेल्या रुग्णासाठी काडी हवीच. ती गावाची, देशाची गरज आहे. दवाखान्यातल्या बाकावर बसलेल्या माणसाची गरज कधी कधी वेगळी असते. २००९ मध्ये आम्ही या दोन गरजांची गल्लत केली.

आता औषधही तेवढं दुर्मीळ राहिलेलं नाही. साथीच्या वेळी ते मोजक्या परवान्याच्या दुकानांपुरतं बांधलेलं होतं. २०१७ मध्ये ते बंधन सैल झालं आणि डॉक्टरांच्या चिठ्ठीवर ते साध्या दुकानांतही मिळू लागलं. आईच्या गोळ्या मला नेरळ स्टेशनसमोर पाच मिनिटांत मिळाल्या.

मलेरिया, डेंग्यू दोन्ही निगेटिव्ह आले. तिसऱ्या दिवशी ताप उतरला, खोकला पुढे दोन आठवडे रेंगाळला. आईला खरंच फ्लू होता का, ते मला माहीत नाही. कधी कळणारही नाही. अण्णांच्या फाइलमध्ये पक्का, शिक्क्याचा अहवाल आहे. आईच्या फाइलमध्ये फक्त गोळ्यांची चिठ्ठी. काल तिने घराच्या ओटीवर बसून चकलीचा सोऱ्या मागितला, आणि भाजणी बरोबर जमली नाही म्हणून सुनेला दोन शब्द ऐकवले.