हप्ता महिन्याचा, बैठक आठवड्याची
कर्जमुक्तीची वाट : लेखांक ६

मागच्या लेखांकात आपण घरातल्या सगळ्या कर्जांची एकत्र यादी केली. कोणाचे किती, व्याज किती, हप्ता कोणत्या तारखेला. अशी यादी झाली की बहुतेक घरांत हुरूप येतो. दोन-तीन महिने हॉटेलात जाणे बंद होते, ऑनलाइन खरेदी थांबते, एखादी जादा रक्कमही भरली जाते. मग चौथ्या-पाचव्या महिन्यात कुठेतरी ढिलाई येते. ‘आता बास’ असे कोणी म्हणत नाही. यादीची वही उघडायची तेवढी राहून जाते. हा हुरूप का ओसरतो आणि दोघे मिळून कर्ज फेडत असताना तो कसा टिकतो, हे आज पाहू.

कारणाचा पहिला भाग गणिताचा आहे. समजा, चिंचवडमधले एक जोडपे आहे. तो वाहनांचे सुटे भाग करणाऱ्या कारखान्यात, ती एका दवाखान्यात स्वागतिका. त्यांनी तीन लाखांचे पर्सनल लोन घेतले आहे, १५ टक्के व्याजाने, तीन वर्षांसाठी. हप्ता सुमारे १०,४०० रुपये. पहिल्या हप्त्यातले ३,७५० रुपये व्याजातच जातात. वर्षभर एकही हप्ता न चुकवता ते सुमारे १ लाख २५ हजार भरतात आणि वर्षअखेरीला विवरणपत्र काढून पाहतात, तर शिल्लक अजून २ लाख १४ हजारांच्या पुढेच. मुद्दल निम्म्यावर यायला विसावा हप्ता उजाडतो. घरात कोणी आळशी नाही, कोणी उधळ्या नाही, तरी वर्षभर कष्ट करून काहीच हलले नाही असे दोघांना वाटते. या वाटण्यात चूक कोणाचीच नसते. हप्त्याची रचनाच अशी असते की सुरुवातीला व्याज जास्त कापले जाते.

दुसरा भाग मला जास्त महत्त्वाचा वाटतो, कारण त्याबद्दल घरात बोलणे होत नाही. आपल्याकडे बहुतेक घरांत कर्जाचा हिशेब एकाकडे असतो आणि काटकसर दुसऱ्याकडे. बँकेचे मेसेज एकाच्या मोबाइलवर येतात, खात्यात पुरेसे पैसे ठेवायची धावपळ त्याची, वसुलीचा फोन आला तर तोही त्यालाच. दुसऱ्या माणसाला आकडा दिसत नाही, फक्त ओढाताण जाणवते: मुलीच्या मैत्रिणीच्या वाढदिवसाला काय न्यायचे, गॅस पंचवीस दिवसांत का संपला, गावाला या महिन्यात जायचे की पुढच्या. एक जण आकड्याने थकतो, दुसरी ‘नाही’ म्हणून म्हणून थकते. दोघांचा थकवा वेगळा असल्यामुळे प्रत्येकाला वाटते, ओझे मीच वाहतो आहे. भांडण होते ते दोनशे रुपयांच्या पाणीपुरीवरून, पण मूळ इथे असते.

यावरचा उपाय मला कोलकात्यातल्या एका प्रयोगात दिसतो. तिथे एका सूक्ष्मवित्त संस्थेकडून कर्ज घेणाऱ्या महिलांचे गट संशोधकांनी चिठ्ठ्या टाकाव्यात तसे दोन प्रकारांत वाटले. काही गटांनी पहिल्या कर्जाच्या काळात दर आठवड्याला भेटायचे, काहींनी महिन्यातून एकदा. दुसऱ्या कर्जाच्या वेळी मात्र सगळ्यांना सारखाच नियम लावला. बेंजामिन फायगेनबर्ग, एरिका फील्ड आणि रोहिणी पांडे यांनी २०१३ साली प्रसिद्ध केलेला निष्कर्ष असा: सुरुवातीला आठवड्याला भेटलेल्या महिलांमध्ये दुसरे कर्ज थकण्याची शक्यता इतरांच्या तुलनेत एक तृतीयांशच होती. त्या बायका जवळपास दोन वर्षांनंतरही एकमेकींना जास्त भेटत होत्या, एकमेकींची जोखीम वाटून घ्यायला जास्त तयार होत्या. दुसऱ्या कर्जाच्या वेळी दोन्ही गटांचा नियम एकच होता, हे लक्षात घ्या. फरक पाडला तो आधी जमलेल्या सहवासाने.

याच शहरात फील्ड, पांडे आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी आणखी एक गोष्ट तपासली. ज्या महिलांना आठवड्याऐवजी महिन्याने हप्ता भरायची मुभा होती, त्यांच्यात परतफेडीची काळजी आणि ताण सांगणाऱ्यांचे प्रमाण जवळपास निम्म्याने कमी होते. हे दोन निष्कर्ष शेजारी ठेवले की जो अर्थ मी काढतो, तोच आजच्या लेखाचे शीर्षक आहे. पैसे भरण्याचा प्रसंग वारंवार आला की जीव टेकीला येतो. भेटण्याचा प्रसंग वारंवार आला की बळ येते. आपण घरात नेमके उलटे करतो. पैशाची चिंता रोज करतो आणि पैशाबद्दल एकत्र बसतो ते कधीतरी, हप्ता चुकल्यावर.

महाराष्ट्रातल्या बचत गटांतल्या बायकांना हे शिकवावे लागणार नाही. गटाच्या कामाची पंचसूत्री त्यांना तोंडपाठ असते: नियमित बैठक, नियमित बचत, अंतर्गत कर्जव्यवहार, नियमित परतफेड आणि हिशेबाची नोंद. क्रम पाहा, सुरुवात बैठकीपासून आहे. सतरंजीवर गोल बसायचे, कोणाची किती बचत, कोणाचे किती कर्ज बाकी, हे सगळ्यांसमोर मोठ्याने वाचायचे आणि नोंदवहीत लिहायचे. १९९२ मध्ये नाबार्डने बचत गटांना बँकांशी जोडायला सुरुवात केली, तेव्हा बँकांनी गटांवर विश्वास टाकला तो या वहीकडे आणि या बैठकीकडे बघून. तारण बहुतेकींकडे नव्हतेच. ही रीत दोन माणसांच्या घरात का आणू नये?

इथे एक शंका येते. गटातली परतफेड एकमेकींच्या दबावामुळे होते, असे अनेकांना वाटते. दबाव असतो, आणि त्याचा त्रासही झाला आहे. आंध्र प्रदेशात २०१० साली सूक्ष्मवित्त संस्थांच्या वसुलीवरून जे संकट उभे राहिले, त्यात शेजारणीच शेजारणीच्या दारात उभ्या राहिल्याच्या कहाण्या होत्या. पण दबाव नसला तर परतफेड थांबते का? फिलिपिन्समधल्या एका बँकेने काही ठिकाणी ‘एकीचे थकले तर सगळ्या जबाबदार’ हा नियम काढून टाकला. बैठका मात्र चालू ठेवल्या. झेवियर जिने आणि डीन कार्लन यांनी त्याचा अभ्यास केला तेव्हा थकबाकी वाढलेली दिसली नाही. हे नवरा-बायकोलाही लागू आहे असे मला वाटते. एकमेकांच्या खर्चावर पहारा ठेवायची गरज नाही. दुसऱ्याच्या मोबाइलमधले यूपीआयचे व्यवहार गुपचूप तपासणे हा तर सगळ्यात वाईट मार्ग. एकत्र बसणे पुरते.

मग बसायचे कसे? वार आणि वेळ ठरलेली हवी. रविवारी सकाळी चहानंतर म्हणा किंवा शुक्रवारी मुले झोपल्यावर, पण वार तोच. अर्ध्या तासापेक्षा जास्त नको. लांबलेली बैठक पुढच्या वेळी टाळली जाते. वही एकाने वाचायची, दुसऱ्याने लिहायची आणि दर आठवड्याला ही कामे अदलाबदल करायची. ही अदलाबदल मी आग्रहाने सांगतो. जो फक्त ऐकतो त्याच्या डोक्यात आकडा राहत नाही, स्वतःच्या हाताने लिहिला की राहतो. आठवड्याचा खर्च, पुढच्या आठवड्यातले येऊ घातलेले खर्च आणि प्रत्येक कर्जाची आजची बाकी, एवढेच विषय. ‘तू का घेतलेस’ हा प्रश्न त्या अर्ध्या तासात नको. तो विचारायचाच असेल तर दुसऱ्या दिवशी विचारा. बहुतेक वेळा दुसऱ्या दिवशी तो विचारावासा वाटत नाही.

बाकी वाचताना कुठला आकडा मोठ्याने म्हणायचा, यालाही महत्त्व आहे. मिंजुंग कू आणि आयलेट फिशबाख यांच्या २०१२ च्या अभ्यासानुसार माणसाला उभारी देतो तो दोन्हींतला लहान भाग: सुरुवातीला ‘किती झाले’ आणि अर्धे अंतर गेल्यावर ‘किती उरले’. आपल्या चिंचवडच्या जोडप्याने म्हणून पहिले वीस हप्ते ‘आतापर्यंत एवढे मुद्दल फेडले’ असे लिहावे आणि त्यानंतर पानाच्या वर ‘आता एवढेच बाकी’ असे लिहायला सुरुवात करावी. मध्यावर येणारी मरगळ त्यामुळे पूर्ण जाते असे मी म्हणणार नाही, पण कमी होते.

आता सगळ्यात अवघड निर्णयाकडे येऊ: आधी कोणते कर्ज संपवायचे? या जोडप्याच्या यादीत आणखी दोन नोंदी आहेत. क्रेडिट कार्डावर ६०,००० रुपये, महिना साडेतीन टक्के व्याज आणि त्या व्याजावर १८ टक्के जीएसटी. म्हणजे महिन्याला २,४७८ रुपये नुसते व्याजाचे. तीन हजार भरले तर मूळ बाकी जेमतेम पाचशेने हलते. आणि तिच्या भावाकडून घेतलेले २०,००० रुपये, बिनव्याजी. लोनच्या हप्त्याशिवाय दोघांकडे महिन्याला १२,००० रुपये आहेत.

गणित म्हणते, आधी कार्ड. तसे केले तर सहाव्या महिन्यात कार्ड संपते, आठव्यात भावाचे पैसे, आणि एकूण ८८,६०० च्या आसपास जातात. उलट केले, म्हणजे कार्डावर महिना तीन हजार भरून आधी भावाचे फेडले, तर तिसऱ्या महिन्यात भाऊ मोकळा होतो, कार्डही आठव्याच महिन्यात संपते, पण ९३,७०० च्या आसपास जातात. फरक सुमारे पाच हजारांचा.

अभ्यासकांनीही दोन्ही बाजू दाखवल्या आहेत. डेव्हिड गॅल आणि ब्लेकली मॅकशेन यांनी २०१२ मध्ये कर्जात बुडालेल्या अमेरिकी ग्राहकांच्या नोंदी तपासल्या. त्यांना दिसले की पूर्ण बंद झालेल्या खात्यांची संख्या जितकी जास्त, तितके माणूस शेवटपर्यंत टिकण्याची शक्यता जास्त. रक्कम किती फेडली यापेक्षाही खाते बंद होणे महत्त्वाचे ठरले. त्याच्या आदल्या वर्षी मोती अमार, डॅन एरिएली आणि सहकाऱ्यांनी हेही दाखवले होते की छोटी कर्जे बंद करायच्या ओढीने लोक महागडे कर्ज तसेच ठेवतात आणि नुकसान करून घेतात.

माझे मत असे: एकटा माणूस असता तर मी त्याला कार्डच आधी संपवायला सांगितले असते. पण इथे दोघे आहेत. भाऊबीजेला माहेरी गेल्यावर वहिनी काही बोलत नाही, तरी हिच्या घशाखाली घास उतरत नाही. त्या बिनव्याजी वीस हजारांचे ओझे तीन लाखांच्या लोनपेक्षा तिला जड वाटते, आणि हे वहीत कुठेच दिसत नाही. बैठकीत ते बोलले जाणे, पाच हजारांची किंमत दोघांनी समोर ठेवणे आणि मग दोघांच्या होकाराने ठरवणे, यालाच मी एकत्र कर्ज फेडणे म्हणतो. ठरेल ते ठरो. अट एकच: तेवढ्या काळात कार्डावर नवी खरेदी होता कामा नये, नाहीतर वरचे गणित कोलमडते.

आपल्या वर्षाचे काही कोपरे आधीच माहीत असतात: जूनमध्ये शाळेची फी आणि वह्या-पुस्तके, मग गणपती, दिवाळी, आणि लग्नसराईतले आहेर. या महिन्यांत जादा रक्कम भरता येणार नाही हे वर्षाच्या सुरुवातीलाच वहीत लिहून टाकावे, म्हणजे त्या महिन्यात आपण हरलो असे वाटत नाही. गणपतीला पाच जणांना जेवायला बोलावणे हा खर्च मी कापायला सांगणार नाही. वर्षभर ‘नाही’ ऐकलेल्या घराला तो हवा असतो. दिवाळीचा बोनस लोनमध्ये एकरकमी भरायचा विचार असेल, तर आधी मुदतपूर्व परतफेडीचे शुल्क करारात पाहा. पर्सनल लोनचा व्याजदर बहुधा स्थिर असतो आणि त्यावर असे शुल्क लागू शकते.

वसुलीच्या फोनबद्दलही बैठकीत एक ठराव करा. रिझर्व्ह बँकेच्या नियमाप्रमाणे वसुलीसाठी सकाळी आठच्या आधी आणि संध्याकाळी सातनंतर फोन करता येत नाही, दमदाटी तर कधीच करता येत नाही. फोन कोणाच्याही नंबरवर आला तरी त्याची तारीख, वेळ आणि बोलणे वहीत लिहायचे, म्हणजे तो त्रास एकट्याकडे राहत नाही.

एक प्रश्न उरतो आणि तो सगळ्यात नाजूक आहे. बैठक सुरू करायची तर आकडे खरे हवेत, आणि अनेक घरांत एखादे कर्ज जोडीदाराला माहीतच नसते. ज्याने लपवले आहे त्याला माझी कळकळीची विनंती: सगळे एकाच वेळी सांगा. आज एक, पुढच्या महिन्यात दुसरे, असे निघत राहिले तर जोडीदाराला प्रत्येक वेळी वाटते की अजून काही शिल्लक असेल, आणि मग खऱ्या आकड्यावरही विश्वास बसत नाही. पहिल्या बैठकीत दोघांनी आपापला क्रेडिट रिपोर्ट एकमेकांसमोर काढावा. सिबिलसह चारही पतमाहिती कंपन्यांकडून वर्षातून एकदा तो फुकट मिळतो. बँकांची, वित्तसंस्थांची कर्जे आणि कार्डे त्यात येतात. मित्राकडून घेतलेले उसने, भिशीची उचल, ओळखीच्या सोनाराकडे ठेवलेल्या बांगड्या त्यात नसतात. त्या तोंडानेच सांगाव्या लागतात.

(पुढील लेखांकात : बँक ‘तडजोड करू’ म्हणते तेव्हा, आणि रिपोर्टमधल्या ‘सेटल्ड’ या शेऱ्याचा अर्थ)