रविवारचा संगीतकार : गुस्ताव होल्स्ट

पाश्चात्त्य संगीतात आमची गती बेताचीच. तरीही या इंग्रज संगीतकाराकडे आम्ही ओढले गेलो, ते त्याच्या पोटापाण्याच्या उद्योगामुळे. १८७४ साली चेल्टनहॅम येथे जन्मलेल्या होल्स्टला व्हायचे होते पियानोवादक. पण उजव्या हाताच्या मज्जातंतूंच्या दुखण्याने ती वाट बंद झाली. मग त्याने ट्राँबोन हे पितळी वाद्य उचलले आणि वाद्यवृंदांतून नोकरी केली. हॅमरस्मिथच्या समाजवादी मंडळींचा गायनसंघही तो चालवी. त्याच संघातील इझोबेल हॅरिसन हिच्याशी १९०१ साली त्याचा विवाह झाला.

पुढे १९०५ पासून मुलींच्या शाळेत व १९०७ पासून लंडनच्या मॉर्ले कॉलेजात तो शिक्षक झाला. हे कॉलेज म्हणजे दिवसभर राबणाऱ्या स्त्री-पुरुषांची संध्याकाळची शाळा. अशा माणसांना हलकीफुलकी गाणी पुरेत, असे पुष्कळांना वाटते; आमच्या चळवळीतही वाटते! होल्स्टने त्यांच्यापुढे पर्सेलचे विस्मृतीत पडलेले 'द फेअरी क्वीन' ठेवले. विद्यार्थ्यांनी त्याची स्वरलिपी हाताने नकलून काढली आणि १९११ साली ते सादर केले.

ऋग्वेदाची इंग्रजी भाषांतरे मनास येईनात, म्हणून हा गृहस्थ स्वतः संस्कृत शिकला, सूक्ते स्वतः भाषांतरित केली व त्यांना चाली दिल्या. आपल्या वटपौर्णिमेच्या सावित्रीवर त्याने छोटी संगीतिका रचली : पात्रे तीनच, आणि आरंभी यमाचा आवाज येतो तो कोणत्याही साथीवाचून. रागदारीची नक्कल त्याने केली नाही, हे आम्हांला बरे वाटते.

स्वतःच्या रचनेला वेळ उरे तो रविवारी आणि सुटीत. 'द प्लॅनेट्स' ही सात ग्रहांवरील कीर्तिमान कृती अशाच उसन्या वेळात १९१४ पासून आकारली. २९ सप्टेंबर १९१८ रोजी लंडनच्या क्वीन्स हॉलमध्ये ती प्रथम वाजली, तेव्हा 'गुरू' ऐकताना झाडूपोछा करणाऱ्या बायका ब्रश खाली ठेवून नाचू लागल्या, अशी आठवण त्याच्या कन्येने, इमोजेनने, नोंदविली आहे. त्या एका कृतीखाली त्याचे उरलेले काम मात्र झाकले गेले. स्वतः त्याला १९२७ चे 'एग्डन हीथ' सरस वाटे. १९३४ साली तो वारला, तोपर्यंत शाळेची नोकरी त्याने सोडली नव्हती.